नऊ वाजून दहा मिनिटांचं ‘ठीक आहे’

आमच्या कंपनीत त्याला सगळे ‘क्रमवार’ म्हणत. खरं नाव फक्त पगारपत्रकावर. मिक्सर, इस्त्री, टेबलफॅन, विजेची किटली असल्या घरगुती वस्तूंच्या खोक्यात जी पातळ पुस्तिका असते, ती तो लिहायचा. पायरी एक, पायरी दोन, पायरी तीन. बावीस वर्षं हेच केल्यामुळे त्याचं बोलणंही तसंच झालं होतं. चहाला चल म्हटलं की म्हणायचा, ‘आधी हे पान संपवतो, मग चष्मा पुसतो, मग येतो.’ आणि खरोखरच त्याच क्रमाने यायचा.

मी त्याच पुस्तिकांमधली चित्रं काढतो. बाण, आकडे, झाकण उघडणारा एक हात. त्यामुळे त्याची माझी गाठ रोजची. पुढे सांगतोय त्यातलं थोडं मी पाहिलं, बरंचसं त्याने नंतर सांगितलं आणि काही त्याच्या आईकडून कळलं. आईंच्या सांगण्यात तिखटमीठ असतं, ते मी शक्य तितकं काढून टाकलं आहे.

ऑफिसात त्याच्या समोरच्या टेबलावर लालपेनबाई बसायच्या. क्रमवारने लिहिलेलं प्रत्येक पान आधी त्यांच्याकडे जाई. त्या वाचत, लाल पेनाने खुणा करत आणि पान टेबलावरून सरकवत. कधी पानावर चार खुणा, कधी चाळीस. ‘“घट्ट” आणि “पक्कं” यांत फरक आहे,’ असं मान वर न करता म्हणत. क्रमवार धुसफुसायचा, दुरुस्त करायचा, पान पुन्हा सरकवायचा. असं दोनतीनदा झालं की मजकूर छापखान्यात जाई आणि आठवड्याभराने छापलेल्या चार प्रती त्याच्या टेबलावर येऊन पडत. तो त्या उघडूनही पाहत नसे. ड्रॉवरमध्ये टाकून मोकळा.

मग कंपनीने भाड्याने घेतलेल्या तीन मजल्यांपैकी दोन सोडून दिले. लिहिणारे, तपासणारे, चित्रं काढणारे, सगळ्यांना एकेक लॅपटॉप दिला आणि घरी बसून काम करायला सांगितलं. पगार तोच, वेळ तीच, नऊ ते साडेपाच. छापलेल्या प्रती मात्र आता कुणाकडे येत नसत.

क्रमवारने झोपायच्या खोलीत खिडकीपाशी टेबल लावलं. त्याची बायको एका लॅबमध्ये तपासणीसाठी रक्त काढण्याचं काम करते. ती सकाळी सातला बाहेर पडायची ती चारला यायची. दिवसभर घरात तो आणि त्याची आई. पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून नऊला पाच कमी असताना तो टेबलाशी बसला. त्या दिवसाची पानं लिहून काढली. संपल्यावर घड्याळ पाहिलं तर एक वाजायला दहा मिनिटं होती.

काहीतरी राहिलं असणार, असं त्याला वाटलं. सगळं पुन्हा वाचलं. काही राहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाऊण वाजताच संपलं. तिसऱ्या दिवशी मुद्दाम रेंगाळत लिहिलं, तरी दीडच्या पुढे काही जाईना.

दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. हा घाबरला. त्याने मला फोन केला.

‘तुझं किती वाजता संपतं?’

‘काय?’

‘काम.’

मी सावध झालो. ऑफिसातला माणूस फोन करून असं विचारतो तेव्हा त्याच्या शेजारी कोण बसलंय, सांगता येत नाही. ‘साडेपाचला,’ मी म्हटलं. खोटं होतं. माझं तीनला संपत होतं.

‘अच्छा,’ म्हणून त्याने फोन ठेवला.

त्या एका उत्तराने तो पार खचला, हे मला फार उशिरा कळलं. बाकीच्यांना साडेपाच वाजतात म्हणजे आपण काम उरकतोय, नीट करत नाही, असं त्याने धरून चाललं. आणि नीट करत असलो तर प्रश्न आणखी वाईट होता. काम एकला संपतं, तर इतकी वर्षं साडेपाचपर्यंत आपण करत काय होतो? त्याने कागद घेऊन ऑफिसातला एक दिवस मांडून पाहिला. दोनदा चहा. लिफ्टची वाट पाहणं. लालपेनबाईंशी वाद. पंख्याखालच्या खुर्चीवरून तंटा. सगळं धरूनही तीन तास कुठे जायचे ते सापडेना.

‘मी रोज संध्याकाळी दमून घरी यायचो,’ तो मला म्हणाला. ‘कशाने दमायचो?’

मग त्याने फायली दाबून ठेवायला सुरुवात केली. एक वाजता तयार झालेली फाइल तो पाच वीसला पाठवायचा. मधले चार तास टेबलाशी नुसता बसून राहायचा. लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका होता. आपण कामावर आहोत की नाही हे साहेबांना त्या ठिपक्यावरून कळतं, अशी बोलवा होती. खरं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि साहेबांना विचारायची सोय नव्हती, कारण विचारणाऱ्यावरच नजर वळली असती. क्रमवार जेवायचं ताट टेबलाशी आणून जेवू लागला. एका हाताने घास, दुसऱ्याने अधूनमधून एखादं बटण.

त्याच्या आईचा संशय भलत्याच दिशेने धावत होता. मुलगा कामाच्या दिवशी घरात, टेबलाशी बसलेला आणि बटणांचा आवाज नाही. दोन दिवस त्या चहाच्या निमित्ताने दारात उभ्या राहून बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं.

‘काय करतोयस?’

‘काम.’

‘बोटं हलत नाहीयेत.’

‘विचार करतोय गं.’

‘विचार ऑफिसात करायचास तेव्हा ते पगार द्यायचे. इथे कोण देणार आहे?’

संध्याकाळी त्यांनी सुनेला स्वयंपाकघरात गाठलं. ‘त्याची नोकरी गेली आहे. तू काही बोलू नकोस, मनाला लावून घेईल.’ सुनेने अर्थातच लगेच जाऊन नवऱ्याला विचारलं.

‘अहो, आईंना वाटतंय तुमची नोकरी गेली.’

‘नाही गेली.’

‘मग दुपारभर करता काय?’

तो लॅपटॉपचं झाकण पुसू लागला. ती पलंगाच्या कडेला बसून पाय चोळत म्हणाली, ‘माझं बरं आहे. साठ नळ्या भरल्या की साठ नळ्या. कोणी आलं नाही तर रिकामी बसते, आणि रिकामी बसले हे सगळ्यांना दिसतं. वर दिवसाच्या शेवटी काय केलंस असं कोणी मला विचारत नाही, आणि मीही स्वतःला विचारत नाही.’

ती सहज बोलली. त्याला मात्र ते आठवडाभर टोचत राहिलं.

त्यात लालपेनबाई. फाइल पाठवली की दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर नऊ वाजून दहा मिनिटांनी त्यांचं उत्तर यायचं. ‘ठीक आहे.’ एवढंच. त्यांनी तसं कळवलं की फाइल आपोआप छापखान्याकडे जाई. एकही खूण नाही, एकही ‘घट्ट’ किंवा ‘पक्कं’ नाही. पहिले काही दिवस त्याला हायसं वाटलं. महिना झाला, दोन झाले, पाच झाले. दर महिन्याला साहेबांचा तक्ता यायचा. त्यात ‘परत गेलेल्या फायली’ असा एक रकाना होता आणि क्रमवारच्या नावापुढे शून्य. खाली साहेबांनी लिहिलेलं असे : घरून काम उत्तम चाललं आहे.

शून्य पाहून त्याच्या मनात पाल चुकचुकली. तो स्वतःला ओळखून होता. ज्याच्या पानावर चाळीस खुणा व्हायच्या तो माणूस घरी आला म्हणून बिनचूक होत नाही. म्हणजे बाई वाचत नसणार. संध्याकाळी पाच वीसला गेलेली तीस पानं सकाळी नऊ दहाला ‘ठीक’ कशी होतात? नऊला कामावर बसायचं, दहा मिनिटांत दोन शब्द टाइप करायचे, की दिवस मोकळा.

त्याने मला पुन्हा फोन केला. ‘माझा मजकूर तू वाचतोस का?’

‘मी? मला पायरीचा आकडा कळला की झालं. सातला हात, आठला झाकण.’

‘म्हणजे नाही.’

‘नाही.’

‘म्हणजे फक्त बाई वाचतात. त्याही वाचत नसल्या, तर मी लिहितो कुणासाठी?’

‘ज्याने मिक्सर घेतला त्याच्यासाठी.’

‘तू स्वतः कधी वाचलीस? घरी वस्तू आणल्यावर?’

मी विषय बदलला. माझ्या घरात आमच्याच कंपनीचा मिक्सर आहे आणि त्याची पुस्तिका अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे.

त्याच आठवड्यात त्याने मिक्सरच्या नव्या पुस्तिकेत एक वाक्य घातलं : ‘झाकण बसवताना वापरकर्त्याने पश्चिमेकडे तोंड करून उभे राहावे.’ बाईंनी पकडलं तर चुकून दुसरंच काही चिकटलं म्हणून सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं. रात्रभर नाही, पण सकाळी सात ते नऊ त्याला धड काही सुचेना. नऊ दहाला उत्तर आलं. ‘ठीक आहे.’

तो ते दोन शब्द बराच वेळ बघत बसला. पहिल्यांदा राग आला, मग विचित्र आनंद झाला, आणि मग कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं. कारण बाई वाचत नाहीत हे सिद्ध झालं म्हणजे आपलं कुणीच वाचत नाही हेही सिद्ध झालं.

छापखान्याला फोन करून ते वाक्य काढायला हवं होतं. त्याने केला नाही. पश्चिमेकडे तोंड केल्याने कुणाला इजा होत नाही, अशी स्वतःची समजूत घातली. पुढच्या महिन्यात टेबलफॅनच्या पुस्तिकेत लिहिलं : ‘पंख्यास दिवसातून काही वेळ एकटे सोडावे.’ ठीक आहे. मग इस्त्रीच्या : ‘घडी घालण्यापूर्वी कपड्याचे मत विचारावे.’ ठीक आहे.

हे तो कुणाला बोलला नाही. मलाही नाही. पण त्या दिवसांत त्याच्या आवाजात एक कडवटपणा आला होता. कामाचं काही विचारलं की म्हणायचा, ‘चाललंय उत्तम. तक्त्यात बघ.’

आठव्या महिन्यात त्याच्याकडे मोठ्या किटलीचं काम आलं. लहान किटलीची पुस्तिका पाच आठवड्यांपूर्वीच गेली होती. पायऱ्या जवळजवळ त्याच, म्हणून त्याने स्वतःकडची जुनी फाइल उघडली आणि वाचू लागला. पायरी पाच : पाणी ओतून टाकावे. पायरी सहा : किटली आतून ओल्या फडक्याने पुसावी.

त्याने पाच आणि सहा पुन्हा वाचलं. दोन्हींच्या मध्ये एक पायरी असते. प्लग काढावा आणि किटली पूर्ण गार होऊ द्यावी. अशी पायरी त्याने आजवर शंभरदा तरी लिहिली असेल. ती तिथे नव्हती. ती त्याने मुद्दाम गाळली नव्हती. ते पान लिहिताना त्याचं लक्ष पुढच्या गमतीच्या वाक्याकडे होतं आणि ही पायरी हातून निसटली होती. आणि बाईंचं उत्तर आलं होतं, ‘ठीक आहे’.

त्याने फोन उचलला आणि खाली ठेवला. साहेबांना सांगावं, तर बाकीची वाक्यंही सांगावी लागणार. छापखाना सांगेल की माल गेला. किती खोकी गेली, कुणाच्या घरात गेली, आत्ता या क्षणी कोण प्लग तसाच ठेवून ओलं फडकं आत घालतंय, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढे यायला लागलं. त्याने लॅपटॉप तसाच उघडा टाकला, शर्ट बदलला आणि चपला घातल्या.

आई दारात उभ्या. ‘कुठे निघालास?’

‘दुकानात. लगेच येतो.’

‘भरदुपारी? मीही येते.’

‘तू कशाला?’

‘दुकानातच जातोयस ना? मग मी आले तर काय बिघडलं?’ त्यांना खात्री होती की तो नव्या नोकरीसाठी कुणाचे तरी पाय धरायला निघालाय. वाद घालण्याइतका जीव त्याच्यात नव्हता. दोघं निघाले.

बाजाराच्या रस्त्यावर घरगुती उपकरणांचं मोठं दुकान होतं. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून मोबाइल बघत होता. मांडणीवर आमची लहान किटली होती, तीन रंगांत.

‘ही किटली बघायची होती,’ क्रमवार म्हणाला.

‘कुठला रंग?’

‘रंग कुठलाही. आतली पुस्तिका दाखवा.’

दुकानदाराने चष्मा खाली घेतला. ‘पुस्तिका?’

‘वापरायच्या सूचनांची. खोक्यात असते.’

‘ते ठाऊक आहे हो. पण अठरा वर्षांत कुणी मागितली नाही. लोक रंग विचारतात, वॉरंटी विचारतात.’ त्याने दोघांना आपादमस्तक न्याहाळलं. ‘तुम्ही कंपनीकडून तपासायला आलात का?’

‘हो. म्हणजे तसं नाही.’

‘अरे, एक काय ते सांग त्यांना,’ आई म्हणाल्या.

‘खोकं फोडलं तर घ्यावं लागेल,’ दुकानदार म्हणाला.

‘घेतो,’ क्रमवार म्हणाला.

दुकानदाराने चिकटपट्टी कापली. क्रमवारने पुस्तिका घेतली आणि तिथेच उभ्याउभ्या पानं उलटली. पायरी पाच : पाणी ओतून टाकावे. पायरी सहा : प्लग काढावा व किटली पूर्ण गार होऊ द्यावी. पायरी सात : मऊ ओल्या फडक्याने पुसावे.

त्याने ते तीनदा वाचलं. ‘मऊ’ हा शब्दही त्याचा नव्हता.

‘मिक्सर आहे का तुमच्याकडे, यांचाच? नवीन आलेला?’

‘तोही फोडायचा?’ दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण मांडणीवर दाखवण्यासाठी एक ठेवलेला होता, त्याची पुस्तिका सापडली. झाकणाच्या पायरीत पश्चिम नव्हती. झाकण डावीकडून उजवीकडे फिरवून ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत बसवावे, एवढंच होतं.

तो स्टुलावर बसला. आईंनी किटलीची पुस्तिका हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली. ‘हे तू लिहितोस?’

‘हो.’

‘सगळं?’

‘बहुतेक.’

त्यांनी पहिलं पान पाहिलं, शेवटचं पाहिलं, उलटं करून मागचं पाहिलं. ‘यात तुझं नाव कुठे आहे?’

‘नाव नसतं आई.’

‘मग कशावरून तू लिहिलंस?’

दुकानदारही त्याच्या तोंडाकडे बघू लागला. क्रमवारकडे दाखवायला काहीच नव्हतं. त्याने किटलीचे पैसे दिले आणि आईला घेऊन घरी आला. वाटेत आई दोनदा म्हणाल्या, ‘नोकरी गेली असेल तरी चालेल रे. तू मला सांग फक्त.’

दुसऱ्या दिवशी दुपारी तो लालपेनबाईंकडे गेला. आठ महिन्यांत त्यांना एकदाही फोन केलेला नव्हता. तिसरा मजला. बेल वाजवल्यावर दार साखळीपुरतं उघडलं आणि फटीतून बाईंचा एक डोळा दिसला.

‘साहेबांनी पाठवलं का तुम्हाला?’

‘नाही बाई. मी आपला आलोय.’

‘बघून ये, असं सांगितलं असेल. घरात बसून ही बाई करते काय ते.’

‘देवाशप्पथ नाही.’

साखळी निघायला वेळ लागला. आत एकच खोली आणि स्वयंपाकघर. खिडकीशी टेबल, त्यावर लॅपटॉप, शेजारी छोटा प्रिंटर. आणि टेबलाखाली, भिंतीला लागून, गुडघ्याएवढा कागदांचा गठ्ठा. वरच्याच पानावर लाल खुणा होत्या. क्रमवारने वाकून पाहिलं. त्याचंच पान होतं.

‘हे काय आहे?’

‘दिसतं आहे की. तुमच्या पुस्तिका.’ बाई खुर्चीवर बसल्या, त्याला बसा म्हणाल्या नाहीत. ‘पडद्यावर मला चुका दिसत नाहीत. स्वतःच्या प्रिंटरवर काढते. सकाळी सहाला उठून खुणा करते, मग त्या फाइलमध्ये घालते. नऊ दहापर्यंत होतं.’

‘मग मला परत का पाठवत नव्हता?’

‘पहिल्याच दिवशी तक्त्याचा नमुना आला, त्यात रकाना पाहिला नाहीत? परत गेलेल्या फायली. परत पाठवली की तुमच्या नावावर एक चूक आणि माझ्या नावावर एक दिवस उशीर. म्हटलं, आपणच नीट करू. कुणाला त्रास नको.’

‘आणि हे कागद कशाला ठेवलेत?’

बाईंनी गठ्ठ्याकडे पाहिलं. ‘उद्या कुणी विचारलं, बाई, तुम्ही आठ महिने फक्त “ठीक आहे” लिहिण्याचा पगार घेतला, तर दाखवायला काहीतरी हवं. सकाळचं काम नऊ दहाला संपतं. दुसऱ्या लेखकांचं अकरापर्यंत. मग मी दिवसभर त्या गठ्ठ्याकडे बघत बसते. खरंच मीच केलं ना, याची खात्री करत.’

क्रमवार उभाच होता. बाईंनी गठ्ठ्यातून तीन कागद काढले, बरोबर कुठे आहेत ते त्यांना पाठ असावं. ‘आता तुम्ही सांगा. पश्चिमेकडे तोंड. पंख्याला एकटं सोडा. कपड्याचं मत. हे कुणी सांगितलं तुम्हाला लिहायला?’

‘कुणी नाही.’

‘खोटं बोलू नका. पहिलं वाक्य मी सहा वेळा वाचलं. तुमच्यासारखा माणूस असलं लिहिणार नाही. म्हटलं, ही साहेबांची युक्ती. मी जागी आहे का ते बघतायत. म्हणून काढून टाकलं आणि काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांना कळलं असतं, त्यांची युक्ती मला कळलीय ते.’

‘मीच लिहिलं बाई. तुम्ही वाचता का ते बघायला.’

बाईंनी तिन्ही कागद एकावर एक नीट ठेवले. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती होईना.

‘म्हणजे तुम्हाला वाटलं मी वाचत नाही,’ त्या म्हणाल्या.

‘हो.’

‘किटलीचा मात्र मला फार राग आला. म्हटलं, परीक्षा घ्या, पण प्लगची पायरी गाळून? चुकून माझ्याही नजरेतून सुटली असती तर?’

त्याने मान खाली घातली. इथे तो सहज हो म्हणू शकला असता. तीन वाक्यांबरोबर चौथंही खपून गेलं असतं.

‘ती परीक्षा नव्हती,’ तो म्हणाला. ‘ती खरंच राहिली होती.’

बाईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला. मग उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि दोन कप चहा घेऊन आल्या. एक कप त्याच्यापुढे ठेवत म्हणाल्या, ‘बसा. त्याच पुस्तिकेत आणखी बेचाळीस चुका आहेत. खऱ्या. लहानसहान. बघायच्या असतील तर बघा.’

त्याने बघितल्या. संध्याकाळ होईपर्यंत दोघं कागद उलटत बसले. सहा ठिकाणी त्याने वाद घातला, दोन ठिकाणी बाईंनी माघार घेतली. उठताना त्याला थकवा आला होता. तो ओळखीचा थकवा होता, असं तो मला म्हणाला.

त्यांनी ठरवलं की यापुढे खुणा करून फाइल परतच पाठवायची. पुढच्या तक्त्यात क्रमवारच्या रकान्यात शून्याऐवजी नऊ आले. दोन दिवसांत साहेबांचा फोन. ‘तुमचं दोघांचं काही बिनसलंय का?’ मग दोघांना उरलेल्या मजल्यावर बोलावलं. ते तीन कागद घरी ठेवून बाईंनी बाकीचा गठ्ठा कापडी पिशवीत घालून नेला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला.

साहेबांनी वीसेक पानं चाळली. ‘हे सगळं घरी केलंत? मला सांगितलं का नाही?’

‘विचारलं नाहीत,’ बाई म्हणाल्या. ‘शून्य आलं तेव्हा कुणी विचारत नाही.’

साहेब जरा ओशाळले. पण तेही साहेबच. ‘हे कागद इथे ठेवून जा,’ म्हणाले. बाईंनी नकार दिला. ‘याची दुसरी प्रत आहे का तुमच्याकडे?’ साहेबांनी विचारलं, आणि त्या प्रश्नाचा रोख दोघांनाही आवडला नाही. शेवटी असं ठरलं की रकाना राहील, कारण तो वरून आला आहे, पण साहेब त्याचं कारण विचारणार नाहीत. छापलेल्या प्रती घरी पाठवण्याची विनंती मान्य झाली. तीन वाक्यांबद्दल दोघांपैकी कुणीच चकार शब्द काढला नाही. ते मला आणि आता तुम्हालाच माहीत.

त्यानंतर तो मला भेटला तेव्हा मी माझं तीनला संपतं हे कबूल केलं. तो हसला नाही. ‘तेव्हाच सांगितलं असतंस तर,’ एवढंच म्हणाला, आणि मला ते लागलं.

फाइल दाबून ठेवायची नाही, असंही त्याने ठरवलं. पहिल्या दिवशी एक वाजून पाच मिनिटांनी पाठवून टाकली. तीन वाजता साहेबांचा निरोप आला : हात रिकामा दिसतोय, तर पाणी गाळायच्या यंत्राची पुस्तिकाही घ्या. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. तेव्हापासून तो फाइल साडेतीनला पाठवतो. बाईंना हे ठाऊक आहे. त्यांना ते पटत नाही, पण त्याही आता नऊ दहाऐवजी दहानंतर उत्तर देतात.

आईंना छापलेल्या चार प्रतींपैकी एक मिळते. त्या ती वाचतात आणि एखाद्या पायरीवर बोट ठेवून विचारतात, ‘ही तुझी की त्या बाईंची?’ बहुतेक वेळा तो खरं सांगतो. साडेतीननंतर मायलेक जवळच्या बागेपर्यंत चालून येतात. लॅपटॉप तो उघडाच ठेवून जातो. परत आल्यावर चपला काढायच्या आधी जाऊन बघतो, मागे कुणी शोधलं का. आजवर कुणी शोधलेलं नाही, आणि त्याचंही त्याला पुरतं बरं वाटत नाही.